शाळेतील पाण्याचा जमाखर्च

पाणी हा विषय शाळेत शिकवावयाचा म्हटला की शिक्षकाचा हात आपोआप खडूकडे जातो, आणि फळ्यावर एक समुद्र, एक ढग, एक डोंगर व त्यांना जोडणारे चार बाण उमटतात. ह्यास जलचक्र म्हणतात. चित्र खोटे नाही. परंतु कर्जत-जामखेडकडच्या ज्या मुलाने समुद्र कधी पाहिलेला नसतो, तो ते निमूटपणे वहीत उतरवून घेतो, परीक्षेत त्याचे गुण मिळवितो, आणि उन्हाळ्यात घरी गेल्यावर आईबरोबर हंडा घेऊन टँकरची वाट पाहत उभा राहतो. फळ्यावरचे पाणी आणि हंड्यातले पाणी ह्यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे त्याच्या मनातही येत नाही. कारण त्या चित्रात त्याच्या गावची विहीर नसते, ओढा नसतो, कूपनलिका नसते आणि टँकर तर नसतोच. आज मला आपणांशी बोलावयाचे आहे ते चित्रातून राहून गेलेल्या ह्या गोष्टींविषयी.

उदाहरणासाठी मी आपला अहिल्यानगर जिल्हा घेतो. २०२४ साली त्याचे हे नाव झाले. तोवर तो कागदोपत्री अहमदनगर होता आणि आम्हा लोकांच्या तोंडी अजूनही नुसता नगरच आहे. पाण्याचे शास्त्र शिकविण्यास ह्या जिल्ह्यासारखी प्रयोगशाळा मागूनही मिळावयाची नाही. पश्चिमेस अकोले तालुका सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेला. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर जे कळसूबाई, १६४६ मीटर उंचीचे, ते ह्याच तालुक्याच्या शिवेवर. तेथील घाटघर-रतनवाडीच्या बाजूस वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस सव्वाशे-दीडशे किलोमीटर यावे, तर नगर शहरी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि नगर तालुक्यातल्याच कित्येक गावांत चारशेवर समाधान मानावे लागते. एका एस.टी.च्या प्रवासात पाऊस दहावा हिस्सा उरतो! समुद्रावरून आलेले ओले वारे डोंगर चढताना थंड होतात आणि आपले ओझे तेथेच टाकतात. डोंगर उतरताना तेच वारे उबदार व कोरडे होतात. पुस्तकात ह्यास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात आणि मुलांना तो नकाशावरचा एक रंग वाटतो. पण जुलै महिन्यातील वर्तमानपत्राचे कात्रण वर्गात न्यावे, भंडारदऱ्याचा त्या दिवसाचा पाऊस आणि श्रीगोंद्याचा पाऊस शेजारी शेजारी लिहावा, आणि गप्प बसावे. पुढचे प्रश्न मुलेच विचारतात.

मात्र वर्तमानपत्रातला आकडा हा दुसऱ्याने मोजलेला आकडा असतो. सरकारी पर्जन्यमापक महसूल मंडळात एक, आणि मंडळात गावे अनेक. वैशाखातला वळीव जसा एका शिवारात झोडपतो आणि बांधापलीकडे थेंब टाकीत नाही, तसे पावसाळ्यातही पुष्कळदा घडते. म्हणून प्रत्येक शाळेचा स्वतःचा पर्जन्यमापक असावा, असा माझा आग्रह आहे. त्यास पैसा लागत नाही. तळाशी आणि तोंडाशी सारख्याच रुंदीचा, सरळ उभ्या भिंतीचा कोणताही डबा चालतो. तो झाड व भिंत ह्यांपासून दूर, उघड्या जागी घट्ट बसवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टी घालून पाणी मोजावे आणि डबा रिकामा करावा. एवढेच काम. पण ते रविवारीही करावयाचे, गणपतीच्या सुट्टीतही करावयाचे, आणि पाऊस पडला नाही त्या दिवशी वहीत शून्य लिहावयाचे. हे शून्य लिहिण्यास मुले फार कंटाळतात. त्यांना वाटते, काही घडलेच नाही तर लिहावयाचे काय? खरे म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या पावसाळ्याची हकीकत त्या शून्यांच्या ओळींतच असते. ऑगस्टमधली लागोपाठची वीस शून्ये बाजरीला काय करतात, हे शेतकऱ्याच्या मुलास वेगळे सांगावे लागत नाही.

आता त्या मिलिमीटरचे लिटर करावयाचे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. हे एवढे सूत्र हाती आले की सातवीचा मुलगासुद्धा गावाचा कारकून होऊ शकतो. शाळेचे छप्पर दोनशे चौरस मीटर आणि पाऊस पाचशे मिलिमीटर, तर छपरावर वर्षाकाठी एक लाख लिटर पाणी पडले. ते कोठे गेले? हा प्रश्न विचारून मुलांना आवारात सोडून द्यावे; पागोळ्यांखालच्या खळग्यांपासून रस्त्याच्या गटारापर्यंत ती आपल्या पायांनी उत्तर शोधून आणतात.

छपरावरून मग शिवारावर यावे. समजा, गाव एक हजार हेक्टरांचे आहे आणि पाऊस चारशे मिलिमीटर. हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. तेव्हा शिवारावर चारशे कोटी लिटर पाणी पडले. आकडा ऐकून वर्गाचे डोळे विस्फारतात, आणि एवढ्या धनाढ्य गावात टँकर कसा येतो असे कोणी ना कोणी विचारतेच. मग खर्चाची बाजू मांडावी. बराचसा भाग उन्हाने व झाडापिकांच्या पानांतून परत आकाशात जातो, काही ओढ्याने वाहून जातो. आपल्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात शेकडा दहा भाग जमिनीत मुरला तरी पुष्कळ झाला. म्हणजे हाती राहिले चाळीस कोटी. गावची वस्ती साडेबाराशे आणि माणशी रोजचे पाणी पंचावन्न लिटर धरले, तर पिण्याधुण्यास वर्षाला अडीच कोटी लिटर पुरते. इथपर्यंत सर्व ठीक. आता ऊस घ्या. उसास दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. त्यातून पावसाचा वाटा वजा केला तरी हेक्टरी दीड कोटी लिटर विहिरीतून उपसावेच लागते. अर्थात पावणेदोन हेक्टर ऊस जेवढे पाणी पितो, तेवढ्यात सबंध गाव वर्षभर नांदते. आणि सव्वीस-सत्तावीस हेक्टर उसात त्या हजार हेक्टरांच्या गावाचे मुरलेले सगळे पाणी संपते.

काही वर्षांपूर्वी दक्षिण भागातील एका शाळेत नववीच्या वर्गापुढे मी हा हिशेब मोठ्या उत्साहाने मांडला. हिशेब बरोबर होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमचा तीन एकर ऊस आहे. मग आम्ही चोर का?"

मी तेव्हा काय बोललो ते सांगण्याजोगे नाही. वेळ मारून नेली, एवढेच. परंतु तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला आणि अद्याप गेलेला नाही. पर्यावरण शिकविताना आपण मुलांना फार सहजपणे दोन रांगांत उभे करतो. निसर्गाचे मित्र एकीकडे, शत्रू दुसरीकडे. त्या मुलाचा बाप निसर्गाचा शत्रू नव्हता. उसाला ठरलेला दर मिळतो, कारखान्याची टोळी येऊन तोडून नेते; कांद्याचा भाव मात्र एका रात्रीत कोसळतो आणि पिकविणाऱ्यास गाडीभाडेही सुटत नाही. ज्या जिल्ह्यात १९५० साली प्रवरेकाठी लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नाने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, ज्या साखरेच्या पैशातून पुढे शाळा, महाविद्यालये व रुग्णालये निघाली, तेथे जाऊन 'ऊस वाईट' असे मुलांकडून घोकून घेणे हे शास्त्रही नव्हे आणि सभ्यताही नव्हे. पाण्याच्या हिशेबाशेजारी रुपयांचा हिशेब मांडावाच लागतो. तो मी त्या दिवशी मांडला नव्हता.

ह्या प्रश्नाचे उत्तर एकट्या मुलाकडे मागावयाचे नसून सबंध गावाकडे मागावयाचे असते, हे मला हिवरे बाजार पाहिल्यावर उमगले. नगर तालुक्यातले हे गाव डोंगरांच्या कुशीत वसलेले, सुमारे ९७६ हेक्टरांचे, म्हणजे मघाच्या आपल्या काल्पनिक गावाएवढेच. पाऊस तोच, चारशेच्या घरातला. १९७२च्या दुष्काळानंतर ते खचत गेले. डोंगर बोडके झाले, विहिरी फाल्गुनातच तळाला जाऊ लागल्या, माणसे मजुरीसाठी बाहेर पडली आणि मागे राहिलेल्यांत दारू व भांडणे वाढली. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पदव्युत्तर शिक्षण घेतलेला हा तरुण होता आणि क्रिकेटचा चांगला खेळाडूही. पुढच्या दशकात गावाने श्रमदान व सरकारी योजना ह्यांच्या बळावर डोंगरउतारावर समतल चर खणले, बांध घातले, झाडे लावली. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. २०२० साली पोपटरावांस पद्मश्री मिळाली. ही कथा आपण अनेकदा ऐकली असेल, आणि ती बहुधा चर व झाडे ह्यांपाशी संपते. मला तिच्यातले महत्त्वाचे वाटते ते त्यापुढचे. पाणी वाढले, तेव्हा ते मोजावयाचे असे गावाने ठरविले. पर्जन्यमापक बसले, ठरावीक विहिरींची पातळी नोंदली जाऊ लागली, आणि पावसाळा सरल्यावर ग्रामसभेपुढे वर्षाचा ताळेबंद मांडण्याची चाल पडली. पाऊस चांगला असेल तर रब्बीचे क्षेत्र अमुक. कमी असेल तर तेवढ्या प्रमाणात घटवावयाचे, आणि पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा. शेतीसाठी कूपनलिका खणावयाच्या नाहीत. ऊस आणि केळी ही पिके घ्यावयाची नाहीत. ह्या कामात शाळेची मुलेही सामील असतात, आणि पाण्याचा हा हिशेब ती गणितासारखी शिकतात.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. 'ऊस लावू नये' हे शास्त्राने सांगितलेले नाही. शास्त्राने एवढेच सांगितले की पाणी इतके आहे आणि अमुक पिकास इतके लागते. लावू नये हे ग्रामसभेने ठरविले. मोजणे हे शाळेचे काम, ठरविणे हे गावाचे काम. पण मोजल्यावाचून ठरविता येत नाही, आणि हिशेब सर्वांपुढे उघडा नसेल तर ठरविलेले कोणी पाळीत नाही. हिवरे बाजारचा चर पाहण्यास लोक गाड्या करून येतात. त्यांनी त्या चराबरोबर तेथील वहीही पाहावी.

अर्थात प्रत्येक गाव हिवरे बाजार होत नाही. त्याचे शिवार बशीसारखे आहे. पाणी अडविण्यास ते सोयीचे पडते. सपाट माळावरच्या गावास तेवढे साधावयाचे नाही. शिवाय खडक गावोगाव निराळा. आपला खडक म्हणजे ज्वालामुखीच्या रसाचे एकावर एक निजलेले थर. त्यातला काही थर सच्छिद्र, काही भेगाळलेला, काही असा घट्ट की त्यात थेंब शिरत नाही. हे शिकविण्यास आकृतीची गरज नाही. गावात विहीर खणली जात असेल तेथे मुलांना न्यावे, मात्र काठापासून दूर दोर बांधून उभे करावे. वरची काळी माती, तिच्याखालचा पिवळसर मुरूम, मग भेगांचा खडक आणि तळाशी काळा कठीण पाषाण, असे सबंध प्रकरण त्या भिंतीवर वाचावयास मिळते. पाणी कोणत्या थरातून पाझरते ते मुलांना डोळ्यांनी दिसते. आणि मग दोनशे-तीनशे फूट खोल गेलेली कूपनलिका म्हणजे काय, हेही कळते. वरच्या थरातले पाणी दर पावसाळ्याला भरून येते. खोल भेगांतले पाणी फार सावकाश जमलेले असते; ते एकदा उपसले की दुसऱ्या वर्षी तेवढे परत येईल असा भरवसा नाही. वरचे पाणी हे खर्चाचे पैसे आणि खालचे ही आजोबांची ठेव, असे एका शिक्षकांनी वर्गात सांगितलेले मी ऐकले आहे. उपमा म्हणून मला ती आवडली.

टंचाई हीच पाण्याची एकमेव व्याधी, असेही मुलांना वाटू देऊ नये. प्रवरेवर भंडारदऱ्यास धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली ते पुरे झाले. त्याच्या कालव्यांनी जिल्ह्याचा उत्तर भाग हिरवा केला. परंतु जेथे पाणी वर्षानुवर्षे मोकळे सोडले आणि निचरा झाला नाही, तेथे जमिनी पाणथळ झाल्या, वर पांढरा क्षार फुलला, आणि चांगली काळी रानेच्या राने चोपण बनली. दक्षिणेकडचे मूल पाण्याच्या अभावाने पोळते, उत्तरेकडचे पाण्याच्या अतिरेकाने बिघडलेले रान पाहते. दोन्ही शाळांच्या मुलांनी वर्षातून एकदा परस्परांच्या गावी जावे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ मधल्या वाटेवर आहे. तेथे मातीची परीक्षा कशी करतात तेही त्यांना पाहता येईल.

आता शहरातील आपणां श्रोत्यांस वाटेल की हा सारा खेड्यांचा विषय झाला. आमच्या मुलांनी कोणती विहीर मोजावी? नगर शहराचे पाणी मुळा धरणातून येते. आपल्या घरच्या मुलास एकदा त्या वाटेने उलट चालावयास सांगा. घरातील तोटी, गच्चीवरची टाकी, रस्त्याखालचा नळ, वसंत टेकडीवरील साठा, पाणी उपसणारे पंप, मुळेचा जलाशय आणि त्यामागचा हरिश्चंद्रगडाकडचा डोंगराळ मुलूख. ह्यातील पाणी वर चढविण्यास वीज किती लागते, आणि घरातून मोरीवाटे गेलेले पाणी सीना नदीला कोणत्या रूपाने भेटते, हे दोन प्रश्न त्या प्रवासात आपोआप निघतात. दुसऱ्याचे उत्तर नाकाला आधी कळते. ह्याच शहरात निजामशाहीच्या काळी आसपासच्या खेड्यांतून खापरी नळांनी पाणी आणलेले होते. पंप नव्हता, वीज नव्हती. केवळ जमिनीच्या उताराचे ज्ञान होते. इतिहासाच्या तासाला आपण चांदबिबीची लढाई शिकवितो, ती शिकवावीच; पण ज्यांनी तो उतार साधला, त्यांच्याविषयी अर्धा तास राखून ठेवण्यास काय हरकत आहे?

पर्यावरणाचे शिक्षण सर्व शाळांत द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. आपल्याकडे नववी-दहावीसाठी 'जलसुरक्षा' ह्या नावाचे पाठ्यपुस्तकही निघाले. विषय पुस्तकात आला हे उत्तमच. पण पुस्तकात आलेल्या विषयाची आपल्याकडे जी गत होते ती सर्वांना ठाऊक आहे. मार्च उजाडला की प्रकल्पाच्या वह्या बाजारातून विकत येतात, त्यांत छापील चित्रे चिकटविली जातात, आणि 'पाणी वाचवा' असे रंगीत अक्षरांत लिहून मुले श्रेणी घेऊन जातात. अशा दहा वह्यांपेक्षा मला त्या शून्यांच्या ओळींची मळकी वही अधिक मोलाची वाटते. तीत चुका असतात. एखाद्या सोमवारी मुलाने शनिवार-रविवारचे आकडे अंदाजाने भरलेले असतात, आणि ते हाताखालच्या शाईवरून ओळखता येते. त्याला रागावू नये. 'मोजले नाही' असे खरे लिहिण्याची सवय त्याला लावावी. शास्त्राचा पहिला धडा तोच आहे.

शेवटी विहिरीच्या मोजणीविषयी थोडे सांगतो, कारण पुष्कळ शाळा पाऊस मोजतात आणि येथे थांबतात. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षणविहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. शाळेनेही तेच महिने धरावेत, म्हणजे आपले आकडे त्यांच्या आकड्यांशी ताडता येतील. कठडा असलेली, गावातील चार-पाच मालकांची विहीर निवडावी. मालकाची परवानगी अगोदर घ्यावी आणि शिक्षक बरोबर असावा. मोजणी पहाटेच, मोटर सुरू होण्यापूर्वी करावी. कारण उपसा चालू असता पाणी खोल दिसते आणि ते खरे नसते. दोरीला वजन बांधून ती अलगद सोडावी आणि पाण्याला टेकली की कठड्यापाशी चिमटीत धरून टेपाने मोजावी. कठड्यावर एका जागी तांबड्या रंगाची खूण करून ठेवावी. यंदाच्या मुलांनी जेथून मोजले तेथूनच पुढच्या वर्षीच्या मुलांनी मोजावे, एवढ्यासाठी ती खूण. आणि जून महिन्यात दहावीची मुले शाळा सोडून जातील तेव्हा वही, दोरी आणि टेप नववीच्या हाती सोपवावा, वहीच्या पहिल्या पानावर खूण कोणत्या बाजूस आहे ते लिहून.